नऊशे पानांची पोथी कोणी वाचली?

"तीन दिवस देतो, शास्त्रीबुवा. या सात मानकऱ्यांपैकी तुमची पोथी खरोखर कोणी वाचली, ते सांगा. पण एकालाही एकसुद्धा प्रश्न विचारायचा नाही. जमलं नाही, तर तुमच्या सगळ्या पोथ्या आमच्या न्हाणीघराच्या चुलीत."

कुंभगिरीच्या राजाने एकदा हट्ट धरला की संपलं. नीळकंठशास्त्र्यांनी तीस वर्षं खपून अकरा पोथ्या लिहिल्या होत्या. माणसं सौदा कसा करतात, लिलावात बोली कुठवर चढवतात, दोघं अडून बसले तर आधी माघार कोण घेतो, असा सगळा विचार त्यांत होता. सर्वांत मोठ्या पोथीच्या सात नकला करवून राजाने सात मानकऱ्यांना वाटल्या होत्या. त्याला दोन वर्षं झाली. विषय निघाला की सातही जण डोळे मिटून म्हणत, "वा, काय ग्रंथ आहे!"

त्याच पोथीत शास्त्रीबुवांनी लिहून ठेवलं होतं, की माणसाला विचारत बसू नये; तो काय निवडतो ते पाहावं, मनातलं आपोआप कळतं. राजाने नेमकं तेच पकडलं. ते वाक्य पहिल्याच पानावर होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी येसू परटीण धुणं न्यायला आली. शास्त्रीबुवा पोथ्यांच्या ढिगाला टेकून बसले होते.

"धोतर द्या की, शास्त्रीबुवा. परवापासून तेच नेसलाय."

"कशाला धुतेस, येसू? उद्या पोथ्या जळायच्या. मग मला कोण ओळखणार?"

त्यांनी सगळी हकिकत सांगितली. येसूने विचारलं, "तुम्हीच लिहिलंय ना? मग करून का बघत नाही?"

"अगं, मी ते सिद्ध केलंय. करून बघायची वेळच कधी आली नाही."

येसूने हसू पदरात दाबलं. "पोथीत कढीलिंबाचं काही आहे का हो?"

"कढीलिंब? नऊशे पानांत एकदाही नाही. का गं?"

"सांगते. आधी धोतर द्या."

सातही मानकऱ्यांचं धुणं येसूकडेच होतं. संध्याकाळी घड्या पोचवताना तिने प्रत्येक घराच्या मागच्या दारी मालकिणीच्या कानात सांगितलं, "आक्का, कुठे बोलू नका. पोथीच्या मधल्या कुठल्याशा पानावर लिहिलंय म्हणे, की ज्यानं ही वाचली त्यानं दरबारात येताना पागोट्यात कढीलिंबाची डहाळी खोचावी. महाराज उद्या तेच बघणार."

घरोघरी एकच हिशेब झाला. खरं असलं आणि डहाळी नसली, तर फजिती. खोटं असलं आणि डहाळी असली, तर काय बिघडलं? आणि नऊशे पानं चाळून कोण खात्री करणार? सकाळी बाजारात आमटीपुरताही कढीलिंब उरला नाही.

दरबार भरला. सहा मानकरी डहाळ्या खोचून आले. दिवाणजींनी तर अख्खी फांदीच खोचली होती. कोठीवरचे रंगोपंत तेवढे कोऱ्या पागोट्याने आले. बाकीचे त्यांच्याकडे कीव करून पाहू लागले.

येसूने पढवल्याप्रमाणे शास्त्रीबुवा उठले. "महाराज, ज्यांच्या पागोट्यात कढीलिंब आहे, त्यांनी पोथी वाचलेली नाही. पोथीत कढीलिंबाचं नावही नाही."

सहा हात पागोट्यांकडे गेले, पण उशीर झाला होता.

रंगोपंत खाकरले. "मलाही घरून डहाळी देत होते. पण मी पोथी दोनदा वाचलीय. असं कुठेच नाही. मात्र चारशे बाराव्या पानावर गणित चुकलंय."

"चुकलंय? कुठे?" शास्त्रीबुवा हरखून पुढे सरकले. तीस वर्षांत त्यांची चूक काढण्याइतकं कोणी वाचलंच नव्हतं.

दरबारात हशा पिकला. राजा मात्र हसला नाही. सगळ्यांनी वर पाहिलं. महाराजांच्या शिरपेचामागून एक हिरवी डहाळी डोकावत होती.

दाराशी उभ्या येसूने जीभ चावली. राजवाड्याचं धुणं तिच्याकडे नव्हतंच. गुपित आपल्या पायांनी तिथवर चालत गेलं होतं.

"ही युक्ती कोणाची?" राजाने विचारलं.

शास्त्रीबुवांनी घाबरत येसूकडे बोट केलं.

"पुढे ये, बाई. आता नीट मोजून सांग. या दरबारात ज्यांनी पोथी वाचायला हवी होती आणि वाचली नाही, असे किती?"

सहा म्हणावं तर खोटं, सात म्हणावं तर मान जायची. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

येसू हात जोडून म्हणाली, "न वाचलेले सहा, महाराज. आणखी एकाचं वाचन अजून चालू आहे. ते कितव्या पानावर आलेत हे मी विचारलं असतं, पण प्रश्न विचारायला आपलीच मनाई आहे."

मग राजाने डहाळी उपसली, तिच्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसू लागला. "पहिल्याच, बाई! अजून पहिल्याच पानावर!"

अकरा पोथ्या मानाने राजवाड्यात गेल्या. येसूला नदीवर धुण्यासाठी फरसबंद घाट मिळाला, वर सावलीला मांडव. राजाने शास्त्रीबुवांनाही काही मागायला सांगितलं, पण ते दरबारात होते कुठे? रंगोपंतांचा हात धरून ते केव्हाच चारशे बारावं पान बघायला गेले होते.