खालच्या बाजूचा टाका

उंच कड्यांच्या पायथ्याला एक बाजारगाव होतं आणि त्या गावात रंगनाथ नावाचा एक जीनगर राहत होता. घोड्यांची खोगिरं शिवणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. पुढे घोडे कमी झाले, तसा तो चामड्याचे पट्टे, कॅनव्हासच्या थैल्या, गाडीवरची आच्छादनं, जे येईल ते शिवू लागला. शिवण सगळी हाताची. आरीनं भोक पाडायचं आणि दोन बाजूंनी दोन सुया त्याच भोकातून आरपार ओढायच्या. त्यामुळे त्याचा टाका वरून जसा दिसे, तसाच खालूनही दिसे.

पन्नाशी उलटली आणि त्याची बोटं आखडू लागली. सकाळी आरी मुठीत धरायची म्हटलं तरी आधी हात शेकावे लागत. तेव्हा त्याची बायको सगुणा म्हणाली, की आता मशीन घेऊ या. रंगनाथला ते पटायला एक वर्ष लागलं.

शेवटी दोघं तालुक्याला गेली. तिथल्या दुकानात हुसेनमिस्त्री नावाचा जुना कारागीर बसत असे. शिवायचं काय आहे, एवढंच त्यानं आधी विचारलं. दाराशी एक चकचकीत मशीन ठेवलं होतं, वाऱ्यासारखं पळणारं. रंगनाथची नजर त्याच्यावरच खिळली होती. मिस्त्री म्हणाला, ते कापडाचं आहे, चामड्याच्या दोन थरांत त्याची सुई मोडेल. मग त्यानं मागच्या बाजूला नेऊन एक बोजड, काळं मशीन दाखवलं. चालायला ते संथ होतं, पण सुईपाशी त्याला दोन पाय होते. एक माल दाबून धरी आणि दुसरा पुढे सरके, माणूस चालतो तसं. त्यामुळे वरचा आणि खालचा थर बरोबरीनं पुढे जाई, मागेपुढे होत नसे. सगुणानं ते चालवून पाहिलं आणि हेच घ्यायचं, असं ठरलं.

मिस्त्री स्वतः घरी येऊन मशीन बसवून गेला. त्या दिवशी थैल्यांचं काम होतं, म्हणून त्यानं मशीन कॅनव्हाससाठी लावून दिलं. जाताना त्यानं बजावलं, "चामडं घ्याल तेव्हा सुई बदला, टाका लांब करा, वरच्या दोऱ्याचा ताण वाढवा. आधी तुकड्यावर शिवा आणि तो उलटा करून बघा. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ चामड्याच्या पोटात लपली पाहिजे."

रंगनाथनं मान डोलावली. महिनाभर थैल्या शिवल्या. बोटांना आराम पडला, काम दुप्पट निघू लागलं, घरात आनंद होता.

फाल्गुन लागला तसा कड्यावरच्या वस्तीतून केरबा खाली आला. केरबा हा मध काढणाऱ्यांचा म्होरक्या. ही माणसं दोराला लोंबकळत कड्यातली आग्या मोहोळं उतरवत. दोर कमरेच्या पट्ट्याला बांधलेला असे, म्हणजे माणसाचा सगळा भार त्या पट्ट्यावर. पट्टा चामड्याचा, आत कॅनव्हासचा थर. केरबाला बारा पट्टे हवे होते आणि तेही आठ दिवसांत.

रंगनाथनं सुई बदलली, टाका लांब केला. टाके जवळजवळ पडले की चामडं भोकांच्या ओळीवरून फाटतं, हे त्याला ठाऊकच होतं. पण ताणाच्या स्क्रूला त्यानं हात लावला नाही आणि तुकड्यावरही शिवून पाहिलं नाही. चाळीस वर्षं चामडं हाताळलेला माणूस तो. वरून टाका मोत्यांच्या सरीसारखा पडत होता. खाली पाहायची त्याला सवयच नव्हती, कारण हातशिवणीत खालची बाजू कधी वेगळी नसायची. बारा पट्टे झाले, केरबा ते घेऊन गेला.

दोन दिवसांनी रंगनाथनं एका गिऱ्हाइकासाठी तसाच आणखी एक पट्टा शिवला. त्याला तेल चोळायला सगुणा बसली. तिनं तो उलटा केला आणि तिचा हात थांबला. खालचा दोरा सुतळीसारखा सरळ पडला होता. वरचा दोरा नुसता त्याला वळसे घालून होता. तिनं टोक धरून खालचा दोरा ओढला, तर वीतभर दोरा सरसर निघून आला.

"अहो," ती म्हणाली, "वस्तीवर गेले तेही असेच असतील."

रंगनाथनं पट्टा हातात घेतला. मग तो स्वतःची समजूत घालू लागला. पट्ट्याला टोकाशी धातूचे रिव्हेट ठोकलेले आहेत, एवढ्यात काही होणार नाही. हंगाम संपला की पट्टे परत मागवू, गुपचूप पुन्हा शिवून देऊ. आत्ता जाऊन सांगितलं, तर पिढ्यांचं नाव एका दिवसात जाईल. सगुणानं निघालेला दोरा गुंडाळून त्याच्यासमोर ठेवला आणि भाकरी टाकायला गेली.

तो दोरा पाहून रंगनाथला दुसरं काही सुचेना. जेवण तसंच ठेवून त्यानं पायात वहाणा सरकवल्या आणि भर दुपारी कडा चढायला लागला.

वस्तीवर दुसऱ्या दिवशीच्या उतरणीची तयारी चालली होती. दोर पसरले होते, बाया धुरासाठी ओल्या पाल्याच्या जुड्या बांधत होत्या. रंगनाथनं केरबाला गाठलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "माझी शिवण कच्ची आहे. हे पट्टे बांधून कुणी उतरू नका."

कुणाचा विश्वास बसेना. केरबानं एक पट्टा उलटा केला आणि सुरीच्या टोकानं दोरा उचलून ओढला. दोरा निघत गेला. एका बाईनं आपल्या नवऱ्याच्या हातातला पट्टा काढून घेतला. एक तरणा गडी रागानं पुढे आला, त्याला केरबानं हातानंच मागे सारलं. मग केरबानं एवढंच विचारलं, की नीट करायला किती दिवस लागतील. रंगनाथ म्हणाला, चार. केरबानं उतरण चार दिवस पुढे ढकलली आणि पट्टे मोजून त्याच्या खांद्यावर दिले.

घरी येऊन रंगनाथनं आधी तुकडे कापले. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा वाढवला, शिवलं, उलटं केलं. गाठ अजून खालीच. आणखी वाढवला, तर दोरा तुटला. तेव्हा जाड दोरा ओवला. सगुणा प्रत्येक तुकडा शिवणीवरून उभा चिरून आत पाही आणि नाही म्हणून मान हलवी. अकराव्या तुकड्याला तिनं मान हलवली नाही. दोन्ही दोऱ्यांची गाठ बरोबर चामड्याच्या पोटात बसली होती. मग जुनी शिवण उसवून, एकेक भोक जुळवत, दोघांनी बाराही पट्टे पुन्हा शिवले. पाचव्या दिवशी सकाळी माणसं कड्यावरून उतरली आणि संध्याकाळी सगळी वर आली.

हंगाम संपल्यावर केरबा पट्टे तेलपाण्याला घेऊन आला. धुरानं ते काळे पडले होते, कडा झिजल्या होत्या, पण एकही टाका हलला नव्हता. रंगनाथ ओशाळून म्हणाला, की तुम्ही आता दुसरा कारागीर बघितला असेल.

केरबा ओसरीवर टेकला. "बघणार होतो," तो म्हणाला. "पण दुसऱ्याची शिवण कच्ची निघाली, तर तो उन्हातून कडा चढून सांगायला येईल का, ते मला ठाऊक नाही. पुढल्या साली माझा जावई पहिल्यांदा दोरावर उतरणार आहे. त्याच्यासाठी एक पट्टा शिव."

रंगनाथनं चामड्याचा पाठीकडचा, सगळ्यात घट्ट भाग निवडला. सगुणा माप लिहून घ्यायला पुढे आली आणि जावयाची कंबर केवढी, म्हणून विचारू लागली.

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते, पण ती दुसऱ्याच्या जिवावर बेतण्याआधी जो आपण होऊन कबूल करतो, त्याच्यावर माणसं निर्धास्तपणे आपला भार टाकतात.