केवडाण्याचा बांधातला देव

डोंगराला अजून वाट नव्हती आणि वाघ भरदिवसा झऱ्यावर पाणी प्यायला येई, तेव्हाची ही गोष्ट. केवडाणे गाव तेव्हा उतारावर कसंबसं चिकटून होतं. झऱ्याखाली लोक केळी लावत, सुपारी लावत, आणि दर पावसाळ्यात झाडं न् माती सगळं ओढ्याला जाई. शेवटी सटवाजी पाटलांनी सांगून टाकलं, "औंदा बाग टिकली तर ऱ्हायाचं, न्हाईतर गाव उठवायचं."

त्याच साली दुर्गव्वा वडारीण आपली माणसं घेऊन आली. उंच, सावळी, जिभेची फटकळ. तिने उतार चढून पाहिला, उतरून पाहिला आणि म्हणाली, "वरचं कापायचं, खाली भरायचं, पायऱ्या करायच्या. भायेरनं पाटीभर माती आणायची न्हाई, आन् पाटीभर उरवायची न्हाई."

पाटील हसले. डोंगर का कुणी मोजतं? पण दुर्गव्वाने मोजला. आधी एक खड्डा खणून तिने तीच माती परत त्यात भरली. ती मावेना, वर ढीग राहिला. मग पाणी ओतून, चोपून तिने ती बसवली. खणलेली माती फुगते किती आणि दबते किती, ते तिने त्या ढिगावरून ताडलं. मग दोरी धरून कुठे किती कापायचं ते ठरवलं. असं म्हणतात, मूठभर माती हातावर झेलली की तिला अख्ख्या डोंगराचं वजन कळे.

काम जोरात सुरू झालं. खणताना ती मधूनमधून मातीचे खांब तसेच उभे ठेवी, माथ्यावरच्या गवतासकट. किती खोल कापलं ते त्यांवरून दिसे. काम संपत आलं की ते पाडून भरावात टाकायचे. "ह्ये माजं साक्षीदार," ती म्हणे.

आता गावाची करामत ऐका. मधला खांब सगळ्यांत मोठा, पुरुषभर उंच. एके सकाळी कुणीतरी त्याला शेंदूर फासला. दुसऱ्याने नारळ फोडला. बघता बघता नवस बोलले जाऊ लागले! वरच्या पायऱ्यांवर राबणाऱ्या दुर्गव्वाला याचा पत्ताच नव्हता. ती खाली उतरली तेव्हा शेवटच्या बांधाला एक खिंडार तेवढं बुजायचं होतं, बाकीचे खांब संपले होते आणि आभाळ गच्च भरून आलं होतं. तिने कुदळ उचलली, तसं गाव आडवं आलं.

"देवाला हात लावू नगंस, दुर्गव्वा," पाटील म्हणाले. "दुसरी माती घाल."

"दुसरी कुठली? पायऱ्या खरवडल्या तर ढासळत्याल. म्या माती मोजली हुती पाटील, देव न्हवता मोजला!"

कुणी हलेना. दुर्गव्वाला संताप आला, आणि रडूही आलं. उभ्या जन्मात तिचं काम कधी पाटीभरानेही चुकलं नव्हतं. तिने कुदळ खाली ठेवली, खांबापुढे डोकं टेकलं आणि म्हणाली, "देवा, तू मातीचा, म्या बी मातीचीच. चल, कामाला लागूया." मग तिने हातांनीच पहिलं ढेकूळ काढलं.

पाटील बघत राहिले. मग त्यांनी डोईचं पागोटं सोडून पसरलं. "घाल ह्यात," ते म्हणाले. पाटलाच्या पागोट्यात माती पडली म्हटल्यावर कोण मागे राहतो? बायांनी पदर पसरले, म्हाताऱ्यांनी घोंगडी. असं म्हणतात, ती माती तेव्हा कापसासारखी हलकी झाली होती. शेवटची ओंजळ पडली आणि खिंडार बुजलं. उरली ती दुर्गव्वाच्या तळव्याला चिकटलेली चिमूटभर. ती तिने कपाळाला लावली. तोच पाऊस कोसळला. त्या साली पलीकडचा कडा वाहून गेला, पण तिचा बांध तसूभरही हलला नाही.

अजूनही केवडाण्यात कुणी घराचा पाया खणो की रोपासाठी खड्डा, वर उरलेली माती कुणी फेकत नाही. तो दुर्गव्वाचा वाटा. पाटलाच्या घरचे तो आजही पागोट्यातूनच नेतात आणि बांधावर घालतात. परगावचा पाहुणा विचारतो, तुमच्या गावाला देऊळ कसं नाही? मग गावातलं शेंबडं पोरही छाती काढून बाग दाखवतं आणि म्हणतं, "आमचा देव बसून ऱ्हात न्हाई. त्यो बांधात कामाला हाय."