झिपरूचा हलका खोपा

पाखरांच्या बोलण्यात माणसं नाक खुपसत नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका वादळात बाभळीची फांदी मोडली आणि सुगरण पक्ष्यांचं एक कुटुंब खोप्यासकट विहिरीत गेलं. गवतात पडलेलं पिल्लू, झिपरू, तेवढं वाचलं. काकांनी त्याला वाढवलं.

मोठा झाल्यावर झिपरूने खोपा विणला, अगदी सुरेख. पण वाऱ्यात खोपा स्थिर राहावा म्हणून सगळे सुगरण आत थापतात ती ओली माती थापायला तो तयारच होईना.

“मातीच्या ओझ्यानेच आमचं घर पडलं, काका!”

“अरे वेड्या, फांदी किडकी होती.”

“असू दे. माझा खोपा हलकाच राहणार!”

वारा सुटला. बाकीचे खोपे संथ झुलत राहिले. झिपरूचा गरगरत फांदीवर आपटू लागला.

“झिपरूभाऊ, घर बांधलंय की भोवरा?” खालून खारूताई ओरडली.

झिपरूला हसू फुटलं. मग आठवलं, असल्या वाऱ्यात आईच्या खोप्यात आपल्याला किती गाढ झोप लागायची! इतके दिवस टाळलेल्या विहिरीच्या काठावर तो उतरला आणि चोचभर चिखल घेऊन आला.

“काका, ही फांदी टिकेल ना?”

“ते कोण सांगणार? पण मीही हिच्यावरच राहतो.”

“मग सरका जरा,” झिपरू म्हणाला, “अजून पुष्कळ माती आणायचीय.”