दोरगल्लीत दुकान 'वाढवत' नाहीत

संध्याकाळी फळ्या लावताना सगळीकडे दुकानदार 'वाढवलं' म्हणतात. 'बंद' हा शब्द अशुभ. आमच्या दोरगल्लीत मात्र तो सरळ तोंडावर ऐकू येईल. तुम्ही दोघं गाळा भाड्यानं घ्यायला आलात, म्हणून त्याचं कारण आधी सांगतो.

ही गल्ली चाळीस गाळ्यांची. गावात रेल्वे आली तसा बाजार स्टेशनाकडे सरकला, असं सांगतात. तिकडे एका गाळ्यासाठी चार-चार माणसं पागडी घेऊन उभी, इकडे भाडं निम्मं केलं तरी कोणी फिरकेना. स्टेशनवाले म्हणत, "दोरगल्लीत मारायला माशी हवी, तर तीही इथूनच न्यावी लागते." एकोणचाळीस गाळे रिकामे झाले. उरली एकटी कोंडाबाई, दोर वळून विकणारी. मूलबाळ नाही. हाक मारायलाही समोर कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी तिनं फळ्या लावल्या त्या पुन्हा न काढण्यासाठीच. तेवढ्यात बसप्पा नावाचा लुगडेवाला गाळा शोधत आला. कर्नाटकाकडचा, मराठी जेमतेम. दुकानाचं काय, असं त्यानं विचारलं. ती सवयीनं म्हणाली, "वाढवलं."

त्याला वाटलं, दुकान मोठं केलं. शेजारचे बंद गाळेही त्यानं तिच्याच मालाचे धरले. त्याचा चेहरा उजळला. त्याची चूक कोंडाबाईच्या ध्यानात आली, म्हणे. पण समोर माणूस येईल, एवढ्या आशेवर ती गप्प राहिली, आणि सकाळी तिनं फळ्या पुन्हा काढल्या.

बसप्पानं गावाकडचं घर मोडून समोरचा गाळा घेतला. तीन महिने गेले, लुगड्याची एक घडी उलगडली नाही. बायको पोटुशी, आणि चूल एकच वेळ पेटायची. शेवटी तो तिच्या उंबऱ्याशी येऊन बसला.

"आई, तुम्ही वाढवलं म्हणालात."

"म्हणाले," ती म्हणाली. "तुला कळलं नाही, हे मला कळलं होतं, लेकरा."

तुझी लुगडी खपल्याशिवाय मी दुकानात बसणार नाही, अशी शपथ तिनं त्याच दिवशी घेतली. सकाळी गठ्ठा डोक्यावर घ्यायची आणि खेड्यांची वाट धरायची. बाया लुगडं हातात घेत, काठ चाचपत, परत ठेवत. चैत्राच्या उन्हात ती माळावर पडली ती उठलीच नाही. गठ्ठ्यात दोनच लुगडी उरली होती, असं काही सांगतात. काही म्हणतात, एकही खपलं नव्हतं.

त्यातलंच एक लुगडं पांघरवून तिला नेलं. बसप्पानं येऊन तिच्या दुकानाला फळ्या लावल्या. वाटेवरच्या कोणी विचारलं, काय बसप्पा, वाढवलं का?

"नाही," तो म्हणाला. "बंद केलं."

पुढे गल्ली पुन्हा भरली. कशी, ते कोणी नीट सांगत नाही.

आता बाजार बायपासच्या काचेच्या इमारतींकडे चाललाय. आजही नवा माणूस आला की गल्लीतल्या सगळ्यात जुन्या दुकानदारानं त्याला आधी रिकामे गाळे दाखवायचे, मग भाड्याचं बोलायचं. खोटं कशाला सांगू, तुम्हाला बघून मला फार बरं वाटलं. माझ्या दोन्ही अंगाला कोणी नाही. पण चाळीसातले एकतीस बंद आहेत, बाबांनो, आणि गिऱ्हाईक नाही. चला, एकेक दाखवतो.