टिकलीचं पान

झऱ्याकाठी एक दगड. दगडावर शेवाळ. शेवाळावर फणसाचं पान. आणि पानाखाली कोण? टिकली गोगलगाय! टिकलीएवढीच होती, म्हणून नाव टिकली.

एका सकाळी वारा आला. सूं सूं सूं! पान उडालं, करवंदीच्या जाळीत अडकलं. वारा गेला बांबूच्या बेटात झोपायला.

"अगंबाई, माझं पान!" टिकली रडवेली झाली. ऊन लागलं तर ती वाळून जाईल ना!

टिकली निघाली. हळू हळू, सुळू सुळू.

"जाळीताई, जाळीताई, पान सोड ना!"

"अं हं! वाऱ्याने हलवलं तरच सोडेन."

टिकली निघाली. हळू हळू, सुळू सुळू.

"वारेदादा, वारेदादा, ऊठ ना!
जाळी पान सोडेना,
माझं पान मला मिळेना!"

"आऽऽ! ढग गडगडला तरच उठेन." घुर्र घुर्र!

ढग बसला होता डोंगरावर. तिथे पोचेपर्यंत टिकली म्हातारीच व्हायची! तिने खालूनच हाक मारली.

"ढगोबा, ढगोबा, गडगड ना!
वारा उठेना,
जाळी पान सोडेना,
माझं पान मला मिळेना!"

"बेडूक ओरडला तरच गडगडेन."

टिकली निघाली. हळू हळू, सुळू सुळू. ऊन आलं जवळ जवळ.

"बेडूकमामा, बेडूकमामा, ओरडा ना!
ढग गडगडेना,
वारा उठेना,
जाळी पान सोडेना,
माझं पान मला मिळेना!"

"घसा सुकलाय गं. थेंब पडला तरच ओरडेन." मामांनी केला मोठ्ठा आऽऽ!

वर गवताच्या पात्यावर बसला होता दवाचा थेंब.

"थेंबुल्या, थेंबुल्या, पड ना!
बेडूक ओरडेना,
ढग गडगडेना,
वारा उठेना,
जाळी पान सोडेना,
माझं पान मला मिळेना!"

"मला भीती वाटते! कुणी पातं वाकवलं तरच पडेन. पण हळूच हं!"

हळूच कोण वाकवणार? शेळी? ती तर पातंच खाईल! म्हैस? अरे बापरे!

ऊन आलं अगदी शंखापाशी. टिकली म्हणाली, "मीच वाकवते!"

टिकली चढली पात्यावर. हळू हळू, सुळू सुळू. पातं वाकलं.

थेंब पडला, टप्!
बेडूक ओरडला, डराँव!
ढग गडगडला, गुडगुडगुड!
वारा उठला, सूं सूं सूं!
जाळीने सोडलं पान!

गिरगिर गिरगिर आलं खाली. कुठे? त्याच दगडावर!

टिकली उतरली, पानाखाली शिरली. हळू हळू, सुळू सुळू. शिंगं घेतली आत. हुश्श! ऊन बिचारं बाहेरच राहिलं.

टिकली गेली पानाखाली,
तू ये माझ्या पांघरुणाखाली!