भीतीची बाजू

एकदा एका गावातला बयाजी नावाचा कासार भर बाजारात घेरी येऊन पडला. छाती धडधडली, श्वास कोंडला, आता आपण मरणार असे त्याला वाटले. शरीर लवकरच सावरले. मन मात्र सावरले नाही. प्रथम बाजाराचे भय वाटे, पुढे गल्लीचे वाटू लागले, मग अंगणाचेही. शेवटी तो दार लावून घरातच बसला. शेजारच्या गावी दिलेल्या लेकीला मुलगा झाला, तरी तो नातवाला पाहायला गेला नाही.

बायकोने एका वृद्ध वैद्यांना बोलावले. सोबत त्यांचा तरुण शिष्य होता. नाडीत काहीच दोष नव्हता. बाहेर काहीही होणार नाही, हे भय केवळ मनाचे आहे, असे शिष्याने परोपरीने समजावले. बयाजीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होते. अखेर शिष्याने दार सताड उघडले आणि त्याचा हात धरून ओढला. बयाजी लटलट कापू लागला. उंबऱ्याला पाय रोवून त्याने दोघांनाही निघून जायला सांगितले.

तेव्हा वैद्यांनी उठून दार लावले, आतून कडी घातली आणि ते बयाजीशेजारी जमिनीवर बसले. शिष्य चकित झाला.

"बाहेर गेलात तर काय होईल?" वैद्यांनी विचारले.

"पुन्हा पडेन. या वेळी उठणार नाही."

"मग आतच राहा. पण आत राहून काही हुकतं आहे का?"

बयाजी खालच्या आवाजात म्हणाला, "नातू रांगायला लागला म्हणे. मला जायचंय हो. पण फार भीती वाटते."

"वाटणारच. त्या भीतीसकट आज कुठवर जाववेल, ते तुम्हीच ठरवा."

बयाजीने स्वतः कडी काढली. अंगणाच्या मध्यावर तो घामाने निथळत, डोळे मिटून उभा राहिला. पडला नाही.

परतताना शिष्याने दार लावण्याचे कारण विचारले. वैद्य म्हणाले, "भीती आणि जाण्याची इच्छा, दोन्ही त्याच्याच मनात होत्या. तू इच्छेची बाजू घेऊन ओढू लागलास, म्हणून त्याला भीतीची बाजू घ्यावी लागली. मी ती ओढाताण थांबवली, तेव्हा इच्छा त्याच्याच तोंडून बोलली."

दुसऱ्या दिवशी शिष्य एकटाच गेला. आज जमणार नाही, असे बयाजीने सांगितले. शिष्याने मान डोलावली आणि तो काही न बोलता शेजारी बसला. ऊन कलल्यावर बयाजीनेच विचारले, "गल्लीच्या टोकापर्यंत सोबत याल?"