कंप्युटरचं झबलं

एका गावात एक पोरगा होता. नाव नाही सांगत, उगाच भांडायला यायचा. कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी कंप्युटरवर खेळायला बसायचा. चौघा दोस्तांची टोळी करायची आणि त्या पडद्यात बंदुका घेऊन पळायचं. येत्या रविवारी वरच्या आळीच्या टोळीशी मॅच ठरली होती. खालच्या आळीची अब्रू या पोराच्या हातात.

पण कंप्युटर मेला दगा द्यायचा. जरा खेळ रंगला की चित्र अडखळायचं, आतला पंखा घरघरायचा, आणि ठप्प!

"चित्र पळवायचं कार्ड जुनं झालंय. नवीन टाकायलाच हवं," पोरगा म्हणाला.

"दिवाळीपर्यंत थांब की. स्वस्त होतंय," दोस्त म्हणाला.

"तोवर वरच्या आळीचे मिशा पिळत फिरतील, ते चालेल?"

"मग घे बाबा."

"पण दिवाळीत खरंच स्वस्त होतं का रे?"

चार दिवस हेच. आता घेऊ की थांबू, थांबू की घेऊ. जेवताना तेच, नळावर तेच. टेबलाखाली वाकून मात्र कुणी बघेना.

बघितलं असतं तर दिसलं असतं, आईनं त्या कंप्युटरच्या डब्याला झबलं शिवलं होतं. धूळ बसू नये म्हणून, जुन्या परकराचं, चारी बाजूंनी बंद. बटणापुरतं भोक ठेवलेलं, त्यातून पोरगा बोट घालायचा. रोज बघून बघून त्याला ते दिसेनासंच झालं होतं.

शेवटी त्यानं स्कूटर विकली. आईला थाप मारली, गॅरेजला टाकलीय. नवं कार्ड आणलं, झबलं काढून बसवलं. खेळ असा पळाला, की पोरगा घरभर नाचला.

आई म्हणाली, "एवढं महागाचं, आणि उघडंच ठेवतोस?" रविवारी सकाळी तिनं नवं झबलं चढवलं. आतून गोधडीचं अस्तर, कडेला लेस.

दुपारी मॅच. ऐन मोक्याला चित्र अडखळलं, आणि ठप्प! वरची आळी जिंकली. शिवाय खिडकीखाली येऊन ओरडली, "काय रे, डुलकी लागली का?"

पोरगा चिडून टेबलाखाली शिरला. डब्याला हात लावला, तर तापल्या तव्यासारखा! त्यानं झबलं ओढून काढलं. काय मनात आलं कोण जाणे, नवं कार्ड उपसून जुनंच परत बसवलं. उघड्या अंगानं ते जुनं कार्ड दिवेलागणीपर्यंत पळालं. एकदा अडखळलं नाही.

पोरगा डोकं धरून बसला. आईनं झबलं उचललं, झटकलं, लेस सारखी केली.

"एवढं चांगलं शिवलंय, वाया का घालवू? तुझी स्कूटर आली की शिटाला बरोबर बसेल बघ."

पोरानं दाराबाहेर बघितलं. स्कूटरच्या जागेवर कुत्रं पाय पसरून झोपलं होतं.

तात्पर्य काय, तर नवं आता घ्यायचं की मग, ते नंतर भांडा. आधी जरा वाकून बघा, जुन्याचा श्वास आपणच तर कोंडला नाही ना.